पंपघरातलं सेशन

१ जुलै
आज कामावर रुजू झाले. हे गेल्यावर खात्याने ह्यांची नोकरी मला दिली. ह्यांचंच टेबल, ह्यांचीच खुर्ची. पाणीपुरवठा खात्यातली माणसं मायाळू आहेत. कुणी खुर्ची पुसून दिली, कुणी चहा आणला. शेजारी बसणाऱ्या ऑपरेटरना सगळे दाढी म्हणतात. ते म्हणाले, वहिनी, कीबोर्ड मोडला तर नवा मिळेल, बिनधास्त बडवा. कित्येक दिवसांनी हसले. घरी आल्यावर चिमणीने विचारलं, बाबांची खुर्ची गोल फिरते का? फिरते म्हटलं तर टाळ्या पिटल्या तिने.

३ जुलै
दाढींनी एक कमांड शिकवली. काळ्या पडद्यावर एवढासा शब्द टाइप केला, की सिस्टिममध्ये आत्ता कोण कोण आहे, कुठल्या मशीनवरून आणि कधीपासून, ते ओळीने दिसतं. हजेरीच म्हणा ना. साहेब, टाक्यांवरची माणसं, मी. आणि सगळ्यात खाली ह्यांचं नाव. तलावाजवळच्या पंपघरातून. हे पाण्यात पडले, तेच पंपघर. दाढी ओशाळले. जुनं सेशन लटकलं असेल, म्हणजे लॉगिन बंद करायचं राहिलं असेल, म्हणाले आणि बंद केलं. मला काहीच वाटलं नाही. डबा खाल्ला.

४ जुलै
पुन्हा नाव. आज सकाळपासूनचं. दाढींनी सेशन बंद केलं, सिस्टिममधलं ह्यांचं खातंच उडवलं. नाव पुन्हा आलं. मग त्यांनी पंपचालकाला फोन लावला. तो म्हणाला, ते मशीन अपघातानंतर लगेच उचलून नेलं, आता तिथे वायरसुद्धा नाही. दाढींचा चहा गार झाला. मीच म्हटलं, जाऊ द्या.

८ जुलै
दाढी दुसऱ्या खोलीत बसायला गेले. मी सारखी कमांड देते. शेवटच्या रकान्यात दिसतं, माणसाचा हात किती वेळ थांबलाय ते. ह्यांच्यापुढे शून्य. म्हणजे आत्ता तिकडे कुणीतरी टाइप करतंय. रडू येईल म्हणून वाट पाहिली. आलं नाही.

९ जुलै
सासूबाई म्हणाल्या, चिमणी शाळेतून येताना एक हात माझ्या हातात देते आणि दुसरा असा वर धरते, जणू पलीकडेही कुणी आहे. दटावलं तर म्हणते, बाबा ओले झालेत, त्यांना थंडी वाजते. सासूबाईंना हुंदका आवरेना. मी भांडी घासत राहिले.

११ जुलै
शाळेतून फोन. मधल्या सुट्टीनंतर चिमणी वर्गात नाही. सासूबाई गल्ल्या धुंडाळताहेत—

कमांड दिली. ह्यांचं नाव. त्याखाली चिमणी. तिला कुणी खातं दिलं? पहिलीतली पोर— दोघंही पंपघरात.

दाढी गाडी काढून तलावाकडे सुटले. म्हणाले, वहिनी, फोनपासून हलू नका. म्हणून बसलेय. हाताला काहीतरी हवं, म्हणून लिहितेय.

पुन्हा कमांड. दोघांपुढे शून्य.

पुन्हा. शून्य. म्हणजे हात चालतायत. चालतायत तिचे हात.

पुन्हा. ह्यांच्यापुढे शून्य. तिच्यापुढे एक मिनिट.

दोन.

तीन— चिमणे, काहीतरी दाब गं—

फोन वाजतोय. दाढीच असणार. मी उचलत नाही तोवर ती—