देखणा वळू

ताकुआरेंबो,
मंगळवार, ३ मे १९८८

प्रिय एलबियो,

अनेक आशीर्वाद. ओदिलाचा खोकला गेला का? इकडे हिवाळा तोंडावर आला, पहाटे दव गोठायला लागलंय. यंदा बिहीची झाडं फळांनी वाकली, म्हणून सोबत बिहीच्या वड्यांचा डबा पाठवतेय. सगळा एकट्यानं फस्त करू नकोस, खोकणाऱ्या बायकोलाही दे.

पत्र बसच्या ड्रायव्हरजवळ देतेय, म्हणजे उद्याच मिळेल. फोन केला असता, पण तुझा आवाज ऐकून माझं धैर्य गळालं असतं.

गाभण तपासणीचं कळलं. साठ कालवडींत अकराच गाभण, आणि बाकीच्या गुरुवारी कत्तलखान्याच्या ट्रकात. सांगितलं अतालिवानं. तू कामावरून काढलंस म्हणून काल तो खोगीर घेऊन माझ्याकडे आला. तीस वर्षं गुरं राखलेला माणूस, आधी बाबांची आणि मग तुझी, माझ्या स्वयंपाकघरात टोपी गुडघ्यावर ठेवून बसला होता.

"मालक म्हणतात, 'हिवाळ्यात तू कालवडींना उपाशी ठेवलंस, म्हणून त्या माजावर आल्याच नाहीत.' अहो बाई, आल्या होत्या! दर तीन आठवड्यांनी परत येत होत्या. वळूच धापा टाकत सावलीला बसायचा. उठला तरी त्याचं काही लागत नव्हतं."

"हे एलबियोला सांगितलंस?"

"नाही." वाळल्या भोपळ्याच्या पेल्यातला चहा त्यानं नळीनं ओढून संपवला. "देखणा मात्र होता हं, बाई."

 मी वड्यांसाठी शिजणारा गर ढवळत राहिले.

गुरांच्या प्रदर्शनाचा दिवस तुला आठवत असेलच. दोन दायी गाईंचं दूध, दिवसातून तीनदा भरडा, वर अंडी; लेकराचे केले नसते असे त्या वळूचे लाड केले होते मी. पंचांनी त्याच्या पुठ्ठ्यावर पहिल्या नंबराची थाप मारली आणि तू कठड्यावरून उडी मारून येऊन मला मिठी मारलीस. जमिनीच्या वाटणीपासून सहा वर्षं आपण बोललो नव्हतो. "ताई, हा माझ्या कालवडींना दे," म्हणालास. तुझं वाक्य संपायच्या आत मी हो म्हटलं.

आता जे टाळतेय ते लिहिते. प्रदर्शनाच्या आठवडाभर आधी गुरांचे डॉक्टर आले होते. वळूला चाचपून म्हणाले, "एलिदाबाई, याला तुम्ही खाऊ घालून घालून बिघडवलंत. वृषणांच्या वरच चरबी साठलीय, त्या उष्णतेनं बीज मरतं. बक्षीस घ्या हवं तर, पण यंदा गाईंवर सोडू नका. धान्य हळूहळू तोडा, गवतावर आणा. मग बीज तपासू."

मला सगळं समजलं होतं, एलबियो. तरी नोव्हेंबरमध्ये तुझ्या ट्रकात वळू चढवला आणि सोबत भरड्याचं पोतंही दिलं. खरं सांगितलं तर तू पुन्हा दुरावशील, या भीतीनं मी गप्प बसले. माझ्या गप्प बसण्यानं एका म्हाताऱ्याची भाकरी गेली, आणि आता एकोणपन्नास जनावरांचा जीव जायचाय.

ट्रक परत पाठव. त्या कालवडी भाकड नाहीत. नीट वाढल्यात, हाडापेरानं भरल्यात, ती अतालिवाचीच राखण. वसंतात त्यांच्यावर बीज तपासलेला वळू सोड. आणि अतालिवा माझ्याकडेच आहे, त्याला न्यायला तू स्वतः ये, निरोप धाडू नकोस.

आज सकाळी मी त्याच्यापुढे सगळं कबूल केलं. तो घोड्याचा पट्टा आवळत होता. मान वर न करता म्हणाला, "वळू बिघडलाय हे मला जानेवारीतच कळलं होतं, बाई. पण मालक दर रविवारी तुमच्याकडे जेवायला जायला लागले होते. म्हटलं, आपल्या तोंडानं ते मोडायला नको."

तू माझ्याशी आणखी सहा वर्षं बोलला नाहीस तरी मी तक्रार करणार नाही. त्याच्याशी मात्र गुरुवारच्या आत बोल.

रविवारी तुझं ताट मांडून ठेवणारी,
ताई एलिदा