सभेला चला, तिरक्या टाइपात

आबा, आज एक लग्नपत्रिका घरी आली. वधूवरांची नावं जाड, तिरक्या अक्षरांत, वेलांट्यांची टोकं वेलीसारखी वळवलेली. लग्न कुणाचं ते मी नंतर वाचलं. आधी तुमचा राग आला.

आपल्या छापखान्यात तसला टाइप एकाच पेटीत असायचा. लग्नात नावांना, नाटकाच्या जाहिरातीत नाटकाच्या नावाला, चादरीच्या लेबलावर दुकानाच्या नावाला. बाकी मजकूर साधा. मी सासर सोडून आले आणि तुमच्याजवळ टाइपाचे खिळे जुळवायला बसले, तेव्हा एकदा हौसेनं दोन ओळी तिरक्या लावल्या. "कागदावर एकच ओळ तिरकी. दोन झाल्या की तमाशा," म्हणत तुम्ही चारचौघांत ती जुळणी मोडलीत. मी दिवसभर जेवले नाही.

मग तीस साली सोलापुरात मार्शल लॉ आला, सभांना बंदी झाली, आणि तुम्ही बंदी मोडायचं पत्रक छापायला घेतलंत. 'सभेला चला' ही वरची ओळ तिरक्या टाइपात लाव म्हणालात. मी हटकलं, "आबा, ह्यो टाइप गावात आपल्याकडंच हाय की! लगेच धरतील."

"लोकान्ला बोलवायचंय न्हवं? निमंत्रण कुणी साध्यात लावतं व्हय?"

लावली मी. त्या ओळीला तुम्ही बोट लावलं नाहीत.

फौजदार पत्रक घेऊन दारात उभा आहे. पेटी मी कागदाच्या गठ्ठ्यांमागं ढकलली आहे, नमुन्याच्या पत्रिका चुलीत घातल्या आहेत. सापडलो तर तुरुंग, आणि तुमची छाती आधीच अधू. शिपाई खिळे उपसतात, त्यांना काही मिळत नाही. मी धीर करून म्हणते, "पुण्याचं काम दिसतंय, साहेब."

तो पत्रक उजेडाला धरतो. "खरंय. इतकं सुबक काम सोलापुरात कुठलं व्हायला!" आणि वळतो. त्याचा एक पाय उंबऱ्याबाहेर पडलेला आहे, आणि तुम्ही बोलता,

"पुण्याचं न्हवं, साहेब. हितलंच हाय. मी लावलंय."

सुटून आलात ते खाटेवरच, आणि पुढचा उन्हाळा तुम्हाला निघाला नाही. जप्त झालेला टाइप परत आला नाही. छापखाना मी साध्यावर रेटला. सभांतून लोक सांगतात, आबांनी साहेबासमोर छाती काढून कबुली दिली, देशासाठी. मी मान डोलावते. पत्रक देशासाठी होतं, कबूल. पण कबुली? पुण्याचं नाव झोंबलं म्हणून! गप्प बसायला तुमचं काय जात होतं, आबा? मला बाप हवा होता हो, पुतळा नको होता.

हे पत्र कुठं टाकणार? तुमच्यापर्यंत ते जाणार नाही, म्हणूनच लिहायला धजते. फौजदारानं 'सुबक' म्हटलं ना, तेव्हा 'माझं हाय' हे माझ्या ओठांवर आलंच होतं. तुम्ही अगोदर बोललात, एवढंच.