तिमणची घंटा आणि तुझी एकोणीस पानं

अकोला,
गुरुवार, १३ नोव्हेंबर २०२५

प्रिय ताई,
जयभीम.

आम्ही इकडे मजेत, तुम्ही तिकडे मजेत असाल, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. तू फोन उचलत नाहीस, पायलच्या फोटोवर नुसता अंगठा पाठवतेस. मग तुमची मजा मला कळावी कशी? पण पत्र तू न वाचता फेकणार नाहीस, एवढा भरवसा आहे. आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये जेवणाच्या सुट्टीत बसून लिहितोय. सकाळपासून दोन कागद फाडले. डबा अजून उघडला नाही.

शकुनची कंबर आता बरी आहे. पायल आठवीत गेली. उन्हाळ्यात आपल्या गावी, हिवरखेडला, सूर्यभान काकांकडे पंधरा दिवस राहून वाचनालयातली पुस्तकं वाचून आली तेव्हापासून पुस्तकातून मान वर काढत नाही. शकुन म्हणते, पोरगी आत्यावर गेली.

तर मुद्द्याचं. 'धूम्रगड'चा सिनेमा आलाय, हिंदीत. तुला शाळेतल्या मुलांकडून कळलंच असेल. गेल्या रविवारी आम्ही तिघं पाहून आलो आणि तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही.

पुस्तकात तो धुराचा राक्षस कुणाला दिसतच नाही, आठवतं? नुसता वास येतो, जळलेल्या केसांसारखा, आणि गडावरची कुत्री भुंकायची थांबतात. मी तेरा वर्षांचा असताना ते पान वाचून आठ दिवस अंगणात एकटा गेलो नव्हतो. सिनेमात तो पहिल्या पाच मिनिटांत येतो, दात दाखवतो आणि मग तीन तास दाखवतच राहतो. पुस्तकातली लढाई निम्मी धान्याची आहे. पोती कुणी वर चढवायची, आधी कुणी जेवायचं, यावरून गडावर भांडणं. सिनेमात दीड लाख सैन्य आहे आणि एक चूल नाही. शकुन मधेच म्हणाली, "एवढे लोकं खाऊन काय राहिले?" मागचा माणूस हसला.

हे सगळं मी चालवून घेतलं असतं. पण तिमणचं त्यांनी जे केलं ते बघून पायल खुर्चीतून उठलीच.

तिमण म्हणजे बुरुजावरचा घंटेवाला. शत्रू दिसला की घंटा वाजवायची, एवढंच त्याचं काम. धूर येताना त्याला दिसतो आणि तो दोर सोडून पळून जातो. मग फुलं वेचायला आलेली म्हातारी माळीण तो दोर ओढते. तिच्या तळहातांची सालटी निघतात, कान कायमचे जातात, पण गड जागा होतो. इथपर्यंत सिनेमा बरोबर. पुढं मात्र पळता पळता तिमणच्या अंगावर वेस कोसळते. खलास. टाळ्या पडल्या, ताई.

"शिनेमा चुकला, पप्पा," पायल म्हणाली, "तिमण वापस येते ना!"

मीही तेच म्हणालो. लढाई संपल्यावर तो भर उन्हात वेशीशी येतो. पहारेकरी त्याला ओळखत नाहीत, कुणी वाटसरू समजून आत घ्यायला निघतात. तो म्हणतो, थांबा, आधी ऐका, दोर सोडून पळालो तो मीच. सगळ्यांसमोर सांगतो. मग म्हातारा किल्लेदार त्याला म्हणतो, उद्या सकाळची घंटा तुझी. मला पाठ आहे ते. सिनेमावाल्यांना शिव्या घालत दुसऱ्या दिवशी दुकानातून कादंबरी विकत आणली, पायलला पान उघडून दाखवायला.

नाही ना ते त्यात. तीनशे अठ्ठ्याऐंशीव्या पानावर तिमण पळतो आणि त्यानंतर शेवटपर्यंत त्याचं नावसुद्धा येत नाही. लेखक त्याला विसरून गेला. मी दोनदा वाचलं, मग पायलनं वाचलं. ती माझ्याकडे बघत राहिली.

मंगळवारी रजा टाकून हिवरखेडला गेलो. शकुनला सांगितलं, शेताच्या सातबाऱ्याचं काम आहे. विहारातल्या वाचनालयात सूर्यभान काकांनी 'धूम्रगड'ची आपण वाचलेली जुनी प्रत काढून दिली. तिची शेवटची पानं वाळवीनं खाल्ली होती, तेव्हा तू अमरावतीला डी.एड.ला होतीस. 'आमच्या हॉस्टेलात अख्खी प्रत आहे, उतरवून पाठवते,' असं लिहून तू तेल्हाऱ्याच्या गाडीच्या कंडक्टरजवळ पुडकं दिलं होतंस. फुलस्केपची एकोणीस पानं, निळी शाई. ती मीच दाभणानं पोत्याच्या दोऱ्यात शिवली आणि वर मोठ्या ऐटीत लिहिलं: 'पुढील पाने अमरावतीच्या प्रतीवरून.' अठ्ठावीस वर्षं आपल्या गावानं तुझा शेवट लेखकाचा म्हणून वाचला. गावातले सात-आठ जण सिनेमा बघून आले आणि सगळे भांडत आले म्हणे. काकांना मी खरं काय ते सांगितलं. ते म्हणाले, "त्या शिनेमावाल्यायले काय मालूम? आपल्या गावात तिमण वापसच येते."

समासात कुणीतरी पेन्सिलनं लिहिलंय, 'याने लवकर सांगायला पाहिजे होते.' अक्षर ओळखीचं नाही. मी पुस्तक मिटलं, चहा प्यायला बाहेर गेलो, परत आलो, पुन्हा तेच पान काढलं.

तू ते का लिहिलंस, हे मला मंगळवारी कळलं. त्याच वर्षी मी स्कॉलरशिपच्या परीक्षेला तेल्हाऱ्याला गेलो आणि केंद्राच्या दारातून पळालो. दिवसभर बसस्टँडवर फुटाणे खात बसलो, घरी येऊन सांगितलं, पेपर सोपा होता. बाबांनी साखर वाटली. हे फक्त तुला लिहिलं होतं. तू रागावली नाहीस, काही समजावलंही नाहीस, नुसती ती एकोणीस पानं आली. ती वाचून मी बाबांना खरं सांगितलं. मला वाटलं, आता खातो मार. ते म्हणाले, "जेव आधी."

जेवणाची सुट्टी संपली होती. आता चार वाजलेत, पुन्हा बसलो आहे. मधे दोनदा हा कागद खिशात घालून फाटकापर्यंत जाऊन आलो. जे लिहायचं ते अजून आलंच नाही.

साडेतीन वर्षांपूर्वी, एप्रिलमध्ये, अमरावतीच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले होते, बाबांच्या पायाची जखम वर चढतेय, आजच गुडघ्याखालून पाय काढावा लागेल, नाहीतर माणूस जाईल. बाबा म्हणाले, "माह्या संगूच्या सहीबिगर कोणी हात लावाचा नाई." तू माझ्या हातात पेन दिलंस. मी म्हणालो, चहा घेऊन येतो. खाली उतरलो, समोर रिक्षा होती. तिथून बसस्टँड, तिथून अकोला. मूर्तिजापूर यायच्या आत फोन बंद केला. तू तीन तास वाट पाहिलीस आणि सही केलीस.

पळालो ते एक. त्यानंतरचं जास्त वाईट आहे आणि ते तुला पूर्ण माहीत नाही. शुद्धीवर आल्यावर बाबांनी मला फोन केला, "संगू, तू कुठी होता?" मी म्हणालो, "बाबा, मी दुसऱ्या डॉक्टरले दाखवाले कागद घेऊन गेलो होतो. ताईनं थांबाले पाहिजे होतं." असं म्हणालो मी. तोंडातून निघालं, आणि मी ते परत घेतलं नाही. तेव्हापासून ते तुझ्या घरात, तुझ्या हातचं खाऊन, येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, "माहा पाय पोरीनं कापला. पोरगं असतं तं वाचला असता." दिवाळीत मामेभावानं मला हे हसत हसत सांगितलं. मीही हसलो, ताई.

तुला लाज कशी वाटत नाही, असं मी स्वतःला मंगळवारपासून विचारतोय. वाटते. पण नुसती लाज घेऊन काय करू? तू त्यांची पट्टी बदलतेस, त्यांना जयपूर फूट बांधून चालवतेस, आणि त्यांचं बोलणं ऐकून घेतेस. एकदाही त्यांना म्हणाली नाहीस की तुमचा संगू पळाला होता.

एक सांगू? तुझी पानं मी परत परत वाचली. तिमणला तू वेशीतून आत घेतलंस, दोर दिलास, सगळं दिलंस. त्या माळिणीचं पुढं काय झालं, ते मात्र तूही लिहिलं नाहीस. तळहात सोललेली, कान गेलेली म्हातारी. तिला कुणी विचारलं का, बाई, तुझे हात कसे आहेत? पुस्तकात नाही, सिनेमात नाही, तुझ्यातही नाही.

ताई, तुझे हात कसे आहेत?

रविवारी सकाळी सातच्या अमरावतीच्या बसनं तुझ्याकडे निघतो. दहापर्यंत पोचेन. तेव्हा बाबा फाटकाशी उन्हात खुर्ची टाकून बसलेले असतात, फोटोत पाहतो मी. आधी त्यांच्यासमोर उभा राहीन आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना ऐकू जाईल असं सांगेन की पळालो तो मी, खोटं बोललो तो मी, आणि तुम्ही जिवंत आहात ते हिच्या सहीमुळं. ते "जेव आधी" म्हणतील अशी आशा धरून येत नाही. काठी उगारली तरी हलणार नाही.

तुझी सवय मला माहीत आहे. कितीही राग असला तरी दारात माणूस दिसला की तू पाण्याचा गडवा घेऊन बाहेर येतेस. येऊ नको. मी बाबाले सांगेपर्यंत मले पानी देऊ नको, ताई.

तुझा पळपुटा भाऊ,
संगू