एक जूनचा विद्याधर

घाटकोपर,
१९ जून १९८४

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू दोनदा कार्ड टाकून विचारलंस, विद्याधरच्या कंडक्टरच्या नोकरीचं काय झालं. उत्तर द्यायला उशीर झाला, कारण काय लिहावं तेच कळत नव्हतं.

लेखी परीक्षा झाली. तोंडी हिशेब झाले, पोराने फडाफड सांगितले. उंचीत बसला. गेल्या आठवड्यात डॉक्टरी तपासणी होती. डेपोच्या शेडमध्ये सत्तर पोरांना उघडं करून रांगेत उभं केलं होतं म्हणे. डॉक्टर शेंगा खात होता आणि आपला हात खराब होऊ नये म्हणून लाकडी फुटपट्टीने एकेकाची हनुवटी वर करत होता. त्याच फुटपट्टीने पाठ खाजवायची, तिनेच पुढच्याचे ओठ उघडायचे. विद्याधर घरी आला, दोनदा अंघोळ केली आणि न जेवता झोपला. हे म्हणाले, देवनारच्या कत्तलखान्यात बकरे यापेक्षा बरे तपासत असतील.

तरी पास झाला गं. मी देवापुढे साखर ठेवली. तुला माहीत आहे आमच्या घरचं. मिल बंद पडून अडीच वर्षं झाली. हे तिथे टाइमकीपरच होते ना, अजून रोज सकाळी सातला मनगटावर घड्याळ बांधून ओट्यावर येऊन बसतात. कुणाची हजेरी घेतात देव जाणे. या घरात आता एक तरी हजेरी खरी लागायला हवी.

आणि शेवटच्या खिडकीवर वाट लागली. कागद तपासणाऱ्या कारकुनाने फॉर्म बघितला, शाळा सोडल्याचा दाखला बघितला आणि दोन्ही कागद नाक धरून परत सरकवले. फॉर्मवर विद्याधरने जन्मतारीख लिहिली आहे १८ ऑगस्ट १९५९, मीच सांगितली, नारळी पौर्णिमा होती. दाखल्यावर आहे १ जून १९५९. एक जुलैला पंचवीस पूर्ण झालेला चालत नाही. खऱ्या तारखेने तो चोवीसचा आहे, दाखल्याने महिनाभर म्हातारा. म्युनिसिपालिटीचा जन्माचा उतारा नेऊन दाखवला, तर कारकून म्हणाला, आम्ही शाळेचाच दाखला धरतो. वर विचारलं की कोणता कागद चोरीचा आहे. दहा ऑगस्टपर्यंत दाखला दुरुस्त करून आणा, नाहीतर नाव कटलं.

दाखला इतकी वर्षं कॉलेजच्या कपाटात होता आणि वाढदिवस आपण तिथीने करतो, त्यामुळे कुणी पाहिलंच नाही. ताई, शाळा तुझी. तूच त्याला तिथे घातलंस. ही तारीख कुणी लिहिली?

तुझ्या गुडघ्याला जप. माया आहे तशीच राहू दे.

तुझी,
जयू


अंधेरी,
२३ जून १९८४

चि. सौ. जयूस,
अनेक आशीर्वाद.

तारीख मी लिहिली. माझ्या हाताने, माझ्या पार्करने.

चौसष्ट साली तू सॅनेटोरियममध्ये होतीस. शिवदासरावांची मिलमध्ये पहिली पाळी. मी एका शनिवारी शाळेतून थेट घाटकोपरला आले, तर दाराला बाहेरून कडी आणि विद्याधर आत खिडकीचे गज धरून उभा. ओठ पांढरे. भिंतीचा चुना खाल्ला होता त्याने. शेजारणीला विचारलं तर ती म्हणाली, रडत नाही हो, गुणी आहे. त्या शब्दाने मला जे झालं ते मी तुला वीस वर्षांत सांगितलं नाही.

त्या जूनमध्ये आमच्या शाळेत पाच पूर्ण झालेली मुलंच घेत होते. याला पाच व्हायला अडीच महिने कमी. नन्सच्या हाताखाली शिकलेली मी, खोटं बोललं की जीभ काळी होते असं मानणारी, आणि मी एक जून लिहून मोकळी झाले. मदर सुपीरियरने माझ्यावर विश्वास ठेवून सही केली. मी त्याला माझ्याकडे आणलं, माझ्याबरोबर शाळेत नेलं, माझ्या डब्यातलं भरवलं.

कुणी विचारलं तर पाच पूर्ण म्हणायचं, असं त्याला घोकून घेतलं होतं. पहिल्याच दिवशी बसमध्ये कंडक्टरने विचारलं, पोराचं वय काय. मी खरं ते सांगितलं, चार. पाचच्या आतल्याला तिकीट नसे. तर हा सीटवर उभा राहून ओरडला की पाच पूर्ण! सगळी बस हसली. मला धरणी दुभंगून आत घेईल तर बरं असं झालं. कंडक्टर भला माणूस. तिकीट न फाडता त्याने संपलेल्या तिकिटांच्या गठ्ठ्याचा पुठ्ठा विद्याधरच्या हातात दिला. तो पुठ्ठा त्याने पाचवीपर्यंत दप्तरात जपला. त्याला कंडक्टर व्हायचं आहे ते काय आजपासून?

माझ्या हातून झालं, मीच निस्तरते. शाळेत जाते. तू मला शिव्या घाल, पण त्याला बोलू नकोस.

तुझी काळजी करणारी,
ताई


अंधेरी,
१४ जुलै १९८४

चि. सौ. जयूस,
अनेक आशीर्वाद.

तीन आठवडे काय केलं ते ऐक, आणि वाचून झालं की नळाखाली हात धुऊन घे.

शाळेत सगळे चांगले वागले. पण मुलगा शाळा सोडून गेला की शाळेला तारीख बदलता येत नाही, शिक्षण खात्याच्या वरच्या कचेरीची परवानगी लागते. नव्या प्रिन्सिपॉल सिस्टर हळूच म्हणाल्या, नजरचुकीने झालं असं लिहा, पुढे जाईल. मी तसं लिहायला बसले आणि लिहिता येईना. एकदा खोटं लिहिलं ते पोरासाठी. आता त्या खोट्यावर आणखी एक खोटं घालायचं, तेही स्वतःला वाचवायला? मी सरळ लिहिलं की तारीख चुकीची आहे हे मला तेव्हाही ठाऊक होतं.

मग त्या कचेरीत चार खेपा. जिन्याच्या प्रत्येक कोपऱ्यात पानाच्या पिचकाऱ्या, आणि पिचकाऱ्या टाळायला लावलेल्या देवांच्या टाइल्सवरही पिचकाऱ्या. बाकावर ढेकूण. शिपाई पाय टेबलावर टाकून नखं कापत होता, ती उडून माझ्या पदरावर पडत होती. साहेब जेवताहेत, असं मला साडेअकरालाही सांगितलं आणि साडेतीनलाही.

बसून बसून मी समोरचा नोटीस बोर्ड वाचला. पुढच्या वर्षी निवृत्त होणाऱ्यांची यादी होती. अकरा नावं. जयू, अकराही जणांची निवृत्ती एकतीस मेला! जन्मतारखेच्या रकान्यात अकराही जणांची एक जून. सर्वांत वर साहेबांचं नाव. त्यांच्या खाली त्या नखं कापणाऱ्या शिपायाचं. प्रत्येकाच्या गावात कुणी मास्तर होता, कुणी काका होता, कुणी माझ्यासारखी मावशी होती.

साहेबांपुढे उभी राहिले तेव्हा मला वाटलं, हा माणूस समजेल. त्याने माझा कागद वाचला आणि माझ्याकडे असं बघितलं की जणू मी त्याच्या टेबलावर काहीतरी सांडलंय. शिक्षिका असून असं करता, लाज नाही वाटत का, असं म्हणाला. दुरुस्ती होणार नाहीच, उलट पेन्शन थांबवण्याबद्दल वर लिहावं लागेल. मी विचारलं, आपला जन्म कधीचा? तर बेल मारून शिपायाला म्हणाला, बाईंना बाहेर न्या.

खोटं सगळ्यांचं आहे. कबूल केलं मी एकटीने, म्हणून घाण फक्त माझ्या अंगाला. घरी येऊन साडी भिजत टाकली. अजून टाकलेलीच आहे.

विद्याधरला सांग, मी हरले नाही अजून. पण ते तितकंसं खरं नाही.

तुझी,
ताई


घाटकोपर,
२६ जुलै १९८४

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून मला रडू आलं आणि रागही आला. नजरचुकीने अशी चार अक्षरं लिहिली असतीस तर आज पोराच्या अंगावर खाकी असती. तुझं खरं बोलणं आम्हाला परवडत नाही गं. तू पेन्शनीत बसली आहेस, म्हणून सोवळं सांभाळतेस. लिहून गेले. खोडत नाही.

आता मी काय केलं ते सांगते. डेपोबाहेरच्या झाडाखाली चंद्रप्रकाश नावाचा एक एजंट बसतो. खिडकीवरच्या कारकुनानेच बोट दाखवलं. त्याच्या सुटकेसमध्ये सतरा शाळांचे कोरे दाखले आणि शिक्के आहेत. तुझी शाळाही आहे. बाई, तारीख बोला, असं मला म्हणाला, भाजीवाला वांगी किती देऊ विचारतो तसं. दात किडलेले, तोंडाला वास. मी नाकाला पदर लावून तारीख बोलले. अठरा ऑगस्ट.

बदल्यात ह्यांचं घड्याळ गेलं. ह्यांनीच काढून दिलं. आता सातला बसतात ते उघड्या मनगटाने.

ताई, तुझ्या दाखल्यावर सगळं खरं आहे, एक तारीख सोडून. माझ्या दाखल्यावर सगळं खोटं आहे, एक तारीख सोडून. कोणता जास्त खोटा, ते तूच तुझ्या नन्सना विचार.

फक्त सही हवी. चंद्रप्रकाश मारून देतो म्हणाला होता, मी नको म्हटलं. शेवटची दोन वर्षं तूच हेडमिस्ट्रेस होतीस, तेव्हाची तारीख टाकली आहे. विद्याधरच्या हाती दाखला पाठवते आहे. त्याला मनातून पसंत नाही, पण माझ्याकडे बघून येतो आहे. तू सही कर. वीस वर्षांपूर्वी माझ्या पोराला कडीतून सोडवलंस ना, आता पुन्हा सोडव.

रागावली असशील तरी अंतर देऊ नकोस.

जयू


अंधेरी,
२९ जुलै १९८४

चि. सौ. जयूस,
आशीर्वाद.

सही केली आहे.

विद्याधर समोर बसला होता, मी त्याला चहा करायलासुद्धा उठले नाही. कागदाला त्या माणसाच्या विडीचा वास होता. शिक्का जांभळा, आमच्या शाळेचा निळा असतो हे त्याला ठाऊकही नाही. पेन धरलं तर बोटांना चिकट लागलं, बहुतेक माझाच घाम. मी पूर्ण नाव लिहिलं, नेहमीसारखं, शेवटच्या अक्षराखाली छोटी रेघ मारून. मग मोरीत जाऊन मला उलटी झाली. विद्याधर पाठ चोळत होता.

तू म्हणालीस ते बरोबर आहे. सोवळं मी वीस वर्षांपूर्वीच सोडलं होतं. फक्त मला ते आठवत नव्हतं.

त्याला नोकरी लागली की मला कळव. तोवर लिहू नकोस, मला थोडं गप्प बसू दे.

ताई


बोरिवली,
१२ ऑगस्ट १९८४

ती. मावशीस,
शि. सा. न.

आईला मी कालच सांगितलं. ती माझ्याशी बोलत नाहीये, तेव्हा तुला लिहितो. आधी शेवटचं सांगतो, म्हणजे तू धास्तावणार नाहीस. मला नोकरी लागली आहे. बसची नाही.

दहा तारखेला मी त्या खिडकीवर गेलो. माझ्या पुढे खंडू नावाचा एक जण होता, परळच्या बंद मिलमधला. बत्तीस-तेहतीसचा सहज असेल, तीन पोरं. केसांना कलप लावलेला आणि तो घामाने कानावर ओघळत होता. दाखल्यावर त्याचं वय बावीस. जांभळा शिक्का. कारकुनाने बघितलाही नाही, आत टाकला. खंडू वळून माझ्याकडे बघून हसला, पण लगेच मान खाली घातली. मावशी, मला त्याचा राग नाही आला. त्याला नोकरी लागू दे.

मग माझा नंबर. त्याने माझा दाखला घेतला, हातात धरून थांबला, आणि शेजारच्याला बोलावून दाखवला. म्हणाला, बघ यार, चंद्रप्रकाश सुधारला, या खेपेला बाईची सही झकास मारलीय, अगदी खरी वाटते. दोघंही हसले. तुझ्या रेघेवर त्याने तंबाखूचं बोट फिरवलं.

ती सही माझ्या चौथीपर्यंतच्या प्रत्येक प्रगतिपुस्तकावर आहे. मी खिडकीतून हात घालून दाखला ओढून घेतला. तो ओरडला की वेडा झालास काय, नाव कटेल. मी म्हटलं, कापा. बाहेर येऊन सहीचा तुकडा फाडून खिशात ठेवला आणि बाकीचा कागद चंद्रप्रकाशच्या सुटकेसवर टाकला. घड्याळ मागितलं. ते त्याच्या मनगटावरच होतं, पण द्यायला तयार झाला नाही. बाबांना हे मी सांगितलं नाही.

घरी जाववेना, म्हणून मिळाली ती गाडी पकडली, बोरिवलीला उतरलो आणि चालत खाडीवर गेलो. गोराईला जाणारी लाँच पावसाळ्यात बंद होती, तिला रंग चालला होता. तिकिटं फाडायला माणूस हवा होता. मालकाला सगळे भाऊ म्हणतात. त्याने दोनच प्रश्न विचारले. पोहता येतं का? नाही, शिकेन म्हटलं. दारुड्यांशी भांडता येतं का? तेही शिकेन म्हटलं. मग मीच भीत भीत विचारलं, जन्माचा दाखला लागेल का. तो म्हणाला, दाखल्याचं काय करू, कधी जन्मलास ते तोंडाने सांग की. मी सांगितलं, नारळी पौर्णिमा. तर हातातला ब्रश खाली ठेवून त्याने बायकोला हाक मारली. उद्या नारळी पौर्णिमा, उद्या आम्ही खाडीला नारळ देऊन लाँच सोडतो, तू उद्याच ये, असं म्हणाला.

काल नारळ मी सोडला. तू वर्षातून एकदा करतेस तो नारळीभात भाऊंच्या घरी खाल्ला. तुझ्यासारखा नव्हता, गूळ जास्त होता.

सहीचा तुकडा माझ्या तिकिटांच्या पिशवीत आहे. गुडघा बरा असेल तेव्हा ये.

तुझा,
विद्याधर


अंधेरी,
२ सप्टेंबर १९८४

चि. सौ. जयूस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. बी. ए. झालेला मुलगा मासळीच्या टोपल्यांत उभा असतो, कपड्यांचा वास धुऊन जात नाही, ही तुझी तक्रार वाचली. वास मलाही आला. जयू, त्या कचेरीच्या जिन्यात जो होता, तो हा नव्हे. हा साबणाने जातो.

काल मी गोराईला जाऊन आले. शिवदासराव धक्क्यावर आधीच बसलेले! तुला सांगत नाहीत वाटतं. भरती कधी, ओहोटी कधी, हे एका वहीत लिहून ठेवतात आणि लाँच सुटायच्या आधी भाऊंना हाक देतात. मनगट उघडंच आहे. तिथे घड्याळाचं काम नाही म्हणाले, पाणी बघायचं.

मला चढवायला दोघांनी धरलं. लाँच मधोमध आली तेव्हा विद्याधर पिशवी घेऊन माझ्यापुढे उभा राहिला. ओळखच नाही अशा चेहऱ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं की आजीबाई, वय काय? पाचच्या आत असाल तर तिकीट नाही.

कोळणी माझ्याकडे बघायला लागल्या. मी काय करणार? पाठ सरळ केली आणि सांगितलं, पाच पूर्ण.

त्याने तिकीट फाडून दिलं. ते मी पार्करच्या डबीत ठेवलं आहे.

भिजत टाकलेली साडी परवा धुतली. पुढच्या रविवारी तुला न्यायला येते, नाही म्हणू नकोस. आपलं प्रेम आहे तेवढं पुरे, आणखी काही सिद्ध करायला नको.

तुझी,
ताई