टाकीच्या पाण्यावर पंचावन्न स्लाइड्स

मंगळवार, ४ मार्च

वसाहतीच्या टाकीत जंतू सापडले. नमुना तीनदा तपासला, तिन्हीदा तेच. दुरुस्तीला आठवडा लागणार. तोवर लोकांनी पाणी उकळून प्यायला हवं. साहेब म्हणाले, दारोदार नोटीस वाटू. मीच म्हणालो, कशाला? उद्या सगळ्यांना शाळेच्या सभागृहात बोलवा, मी नीट समजावतो. पंधरा वर्षं प्रयोगशाळेत मान खाली घालून काढली. एकदा कळू तर दे लोकांना!

त्रेपन्न स्लाइड्स झाल्या. बायकोला दाखवल्या. आठव्या स्लाइडला ती भाजी चिरायला लागली. "अहो, काय करायचं तेवढं सांगा आणि घरी या." हिला शास्त्राचं वावडं आहे.

बुधवार, ५ मार्च

पाइपांच्या इतिहासावर आणखी दोन. आता पंचावन्न.

गुरुवार, ६ मार्च

काल भाषण उत्तम झालं! पाऊण तास बोललो. मागच्या रांगा जांभया देत होत्या — सभागृहात हवा खेळत नाही, दुसरं काय. साहेबांनी तीनदा घड्याळ दाखवलं. शेवटी शिपायाने पंखे बंद केले तेव्हा आवरतं घेतलं. टाळ्यांचा कडकडाट! ताई वसाहतीतच राहते, पहिल्या रांगेत होती. "केवढा रे अभ्यास तुझा! बाबा असायला हवे होते." मला भरून आलं.

घरी आल्यावर बायको — "उकळायचं सांगितलंत ना?" पंचावन्न स्लाइड्स करणाऱ्याला हे विचारते!

शनिवार, ८ मार्च

वसाहतीत अकरा जणांना जुलाब-उलट्या. साहेबांनी घाईघाईने नोटिसा वाटल्या. एकच ओळ — पाणी उकळून प्या. ना कारण, ना आकडेवारी. अगदीच त्रोटक.

आपण घसा कोरडा करायचा आणि लोकांनी या कानाने ऐकून त्या कानाने सोडून द्यायचं!

रविवार, ९ मार्च

ताई दवाखान्यात. सलाईन लावलंय. डोळे खोल गेलेत. जीव घाबरा झाला आणि तोंडातून मात्र राग निघाला — "एवढं कानीकपाळी ओरडूनही उकळलं नाहीस?"

भाचीने ताईची वही पुढे केली. भाषणाची टिपणं, नऊ पानं. जंतूंची नावं, क्लोरीनचं प्रमाण, पाइपांचा व्यास. एक आकडा चुकलेला नाही.

"उकळायचं लिहायचं राहिलं बघ," ताई म्हणाली. आवाज फुटत नव्हता. "तू सांगितलंच असशील. माझंच लक्ष नसणार."

सोमवार, १० मार्च

ऑफिसात स्लाइड्स उघडून पाहिल्या. उकळायचं पन्नासाव्या स्लाइडवर होतं. पंखे बंद झाले तेव्हा मी त्रेचाळिसाव्यावर होतो.

ताईचं लक्ष होतं.