चौथऱ्यावर सांगितलेलं नाव

२० जून १८९८

प्रिय कुया सिसो,

आईचा आशीर्वाद आणि तुला कुया, म्हणजे दादा, म्हणणाऱ्या धाकट्या बहिणीचा नमस्कार. आम्ही दोघी बऱ्या आहोत. डुकरीला पिल्लं झाली, सगळी जगली. छपराची मागची बाजू अजून शाकारलेली नाही, तिथे पातेलं ठेवतो. तुझा ताप पुन्हा आला का? तिकडे नीट खायला मिळत नाही असं ऐकते.

एका प्रश्नाचं उत्तर मला येत नाही. घरातल्या एकाने धाडस करायचं आणि त्याची शिक्षा दुसऱ्याने भोगायची, असं असेल तर ते धाडस करायचा पहिल्याला अधिकार आहे का? मनिलाला सिस्टरांनी नीतीचे धडे दिले, मी इथल्या मुलींना तेच शिकवते. पण हे त्यांत कुठे नव्हतं.

हे पत्र बास्या मासळीवालीच्या पाटीत मासळीखाली आहे. म्हणून घरात हाक मारतो तीच नावं लिहिते आहे. गाव आणि आडनाव लिहीत नाही. आपल्या गावातली सगळी आडनावं एकाच अक्षरावरून, आजोबांच्या वेळी सरकारने वाटून दिलेली. आडनाव कानावर पडलं की गाव कळतं, आणि गाव कळलं की घर. तुमच्या स्पॅनिश पलटणीत त्या अक्षराचा तू एकटाच आहेस, हे तूच एकदा हसत सांगितलं होतंस. मला आता त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही.

कावित गावची बातमी तुमच्या ठाण्यापर्यंत आली असेलच. कालच्या नाही, त्याच्या आधीच्या रविवारी तिथे खिडकीतून आपलं निशाण दाखवलं आणि स्पेनचं राज्य संपलं, आपण स्वतंत्र झालो, असं जाहीर केलं. त्या कागदाची नक्कल आपल्या म्हाताऱ्या गावप्रमुखाकडे, कॅपितानकडे, आली. पण ती स्पॅनिशमध्ये. ते कागद घेऊन शाळेत आले आणि म्हणाले, "बाई, सरकारला हाकललंय ते सरकारच्याच भाषेत. आमच्या भाषेत करून द्या."

मी करून दिलं. ते करताना भीती वाटली नाही. भीती नंतर आली. कॅपितान म्हणाले, "आता बाजाराच्या गावी तुम्हीच वाचा. पुरुष उभा राहिला तर लोक आधी बंदुका कुठे आहेत ते बघतील. मास्तरीणबाई उभी राहिली तर निदान ऐकतील."

आईने हातातला भाताचा डाव खाली ठेवला. "या घरातला एक नेला तेवढा पुरे," एवढंच म्हणाली.

काकाला शहाण्णवच्या उठावात स्पॅनिश शिपायांनी शेतातून कोपराला दोर बांधून नेलं ते तुला माझ्यापेक्षा जास्त दिसलं. त्यानंतर महिन्याभरात तू त्यांचा गणवेश अंगात घातलास. गावाने तुला काय काय म्हटलं. पण आपल्या दाराशी पुन्हा कुणी आलं नाही, आणि मी मनिलाला जाऊन शिकले, आपल्या घरातली पहिली. तुझ्या गणवेशाच्या आडोशाला बसून मी स्वातंत्र्याची पुस्तकं वाचली, कुया. हे मी तुला कधी बोलून दाखवलं नाही.

शेवटी आईने एका अटीवर जाऊ दिलं. खरं नाव सांगायचं नाही. कॅपितानांनी लगेच नाव शोधलं. "मारिया दे ला क्रूझ म्हणा. पकडायचं म्हटलं तर अर्धा देश पकडावा लागेल." मी आईच्या गळ्याची शपथ घेतली.

शुक्रवारी बाजार होता. मी देवळाच्या चौथऱ्यावर उभी राहिले आणि वाचलं. त्यात एक वाक्य आहे, की बलाढ्य अमेरिकेच्या छायेखाली आपण हे जाहीर करतो आहोत. स्वतंत्र झाल्यावर पुन्हा छाया कुणाची, हे मला कळलं नाही. ते मी भरभर वाचून टाकलं. बाकी सगळं सावकाश वाचलं.

वाचून झालं आणि कुणी हललं नाही. टाळी नाही, आवाज नाही. बायका पाट्या धरून तशाच उभ्या.

"झालं का?" एका म्हातारीने विचारलं.

"झालं."

"मग जाते बाई. वांगी सुकतात."

मागून कुणी तरी म्हणालं, "टाळी वाजवणाऱ्यांची तोंडं बघून ठेवायला कोण बसलंय, ते शोधा आधी. शहाण्णवला पण असाच गोड आवाज होता."

मग जाळी विकणारा एक माणूस पुढे आला. बाबा आज असते तर त्यांच्या वयाचा, एक डोळा अधू. त्याने विचारलं, "पोरी, नाव काय तुझं?"

"मारिया दे ला क्रूझ."

"कुठली?"

मी कागदाची घडी घातली.

"बरं, कुणाची?"

मी ती घडी पुन्हा उलगडली.

"नाव बाजारात मिळतं तसलं. गाव नाही, बाप नाही. आणि आम्हाला सांगतेस, आता कुणाला भिऊ नका. तू कुणाला भितेस?"

लोक हसले. माझ्यावर हसले असते तर मी सोसलं असतं. पण ते त्या कागदावर हसत होते. पाट्या उचलून निघाले.

त्या वेळी तू मला आठवला नाहीस असं लिहिता आलं असतं तर किती बरं होतं. पण तू डोळ्यांसमोर होतास. त्या गणवेशात, गळ्यातली सैल गुंडी घेऊन. आणि तरी मी नाव सांगितलं. माझं, आपलं, खरं.

ती वांगीवाली म्हणाली, "अगं बाई, म्हणजे दोर बांधून नेलेल्याची पुतणी." दुसरी हळूच म्हणाली, "हिचा भाऊ तिकडे आहे ना, त्यांच्यात?" ते सगळ्यांनी ऐकलं. जाळीवाल्याने डोक्यावरची टोपी काढली. नव्या राज्याशी इमान राखण्याची शपथ घ्यायला पहिला तोच आला, त्याच्या मागून बाकीचे. मी चौथऱ्यावर खाली बसले. कुणी तरी करवंटीतून पाणी दिलं, ते निम्मं अंगावर सांडलं.

त्या बाजारातून मनिलाला होड्या जातात. त्यांत मासळी जाते, लाकूड जातं, बातम्याही जातात. माझं नाव तुझ्या कॅप्टनच्या कानावर आज जाईल की उद्या, मला ठाऊक नाही. गेलं, तर ते तुला विचारणारसुद्धा नाहीत. शुक्रवारपासून कुत्रं भुंकलं तरी मी ताट सोडून उठते. वर्गात मुलींना बेरीज सांगताना मधेच विसरते. आई वाढते, पण बोलत नाही. एकदाच बोलली. "दोन्ही पोरं घालवायचीच ठरवलीस का?"

म्हणून नीट वाच. मासळी संपली तरी बास्या तुमच्या नाक्यापाशी झाडाखाली बसून राहील. तिच्या रिकाम्या पाटीत तुझे शेतातले जुने कपडे आहेत. गणवेश आणि बंदूक तिथेच टाक, बंदुकीच्या लोभाने थांबू नकोस. ती तुला मासळीच्या तळ्यांच्या बांधावरून आणेल. ती पुढे चालेल, तू मागे डोक्यावर ओझं घेऊन, तिचा घरजावई शोभशील असा. हे तिचेच शब्द. म्हणाली, "त्याला सांग, माझी पोरगी काळी आहे पण भात चांगला करते." तू ये. रागवायचं ते घरी येऊन रागव, हवं तर मार. पण आजच नीघ.

आता राहिलेलं सांगते. ते लिहायचं टाळत इथवर आले.

तू सुखरूप येईपर्यंत पुढच्या गावी वाचायचं नाही, असं कॅपितान स्वतःच म्हणाले. आईने माझ्याकडे बघितलं, आणि मी हो म्हटलं. ते मनापासून म्हटलं होतं. पण आज पहाटे खाडीपलीकडच्या गावची बैलगाडी दाराशी आली. गाडीवान म्हणाला, आमच्याकडे लोक आधी विचारतात, तो कागद त्या नाव सांगणाऱ्या बाईने वाचलेलाच ना?

बास्याला मी दुपारपर्यंत थांबवून ठेवलं ते तिथे जाऊन येऊन तुला हेही लिहिण्यासाठी. मी गाडीत बसून गेले. तिथे मला कुणी काही विचारलं नाही. कागद उघडायच्या आधी मीच सांगितलं. आपलं आडनाव, गाव आणि बाबांचं नाव.

तुला न विचारणारी तुझी बहीण,
ओनोर