दर रविवारी पाच

रविवार, ५ जानेवारी २०२५
आईला स्ट्रोक येऊन सात आठवडे झाले. हातपाय ठीक, समजतं सगळं, वाचा तेवढी गेली. डॉक्टर म्हणतात वाट पाहा. पाहोत बापडे. मेंदूतून शब्द कसा निघतो, यावर पीएचडी मी केली आहे, त्यांनी नाही.
संकल्प: दर रविवारी मल्हारगंजला आई-बाबांच्या घरी जाऊन स्वतः टेस्ट घेणार. लॅपटॉपवर तीस चित्रं, आईनं फक्त नाव सांगायचं. सलग पाच चुकली की टेस्ट बंद. नियम म्हणजे नियम.
आज पहिली पाचही चुकली. चार मिनिटांत आटोपलं. बाबा चहा घे म्हणाले. नको म्हटलं, गप्पांनी डेटा बिघडतो. शिवाय गल्लीत गाडी आडवी लावली होती.

१२ जानेवारी
पाच बरोबर! कप, कुत्रा, छत्री, कुलूप, केळं. पुढची पाच चुकली, टेस्ट बंद. निघताना आईनं माझी बाही धरली. फॉर्ममध्ये त्याला कॉलम नाही.

१९ जानेवारी
दहा. बाबा शेजारी बसून कागदावर काहीतरी उतरवत असतात. रिटायर माणसाला छंद हवाच.

२६ जानेवारी
पंधरा. दर वेळी नेमके पाच वाढतात! म्हणजे मेंदू पाचाच्या टप्प्यांनी बरा होतो. हे अजून कुणाच्या लक्षात आलेलं दिसत नाही. रात्री जेवताना बायकोला सांगितलं. रुची म्हणाली, पेपर नंतर लिही, एकदा आईंजवळ नुसता बस. तिला वैज्ञानिक दृष्टी नाही.

२ फेब्रुवारी
वीस. आनंदात गराडूचे तळलेले काप दोन प्लेट खाल्ले. डाएट उद्यापासून.

९ फेब्रुवारी
पंचवीस. टेस्ट संपल्यावर सहज विचारलं, आई, मी कोण? ती खूप वेळ ओठ हलवत राहिली. डोळ्यांत पाणी आलं तिच्या. पण माझं चित्र यादीत नाही, तेव्हा हे मोजायचं नाही.
घरी येताना उगाच दोन सिग्नल चुकलो. थकवा असावा.

१६ फेब्रुवारी
तीसपैकी तीस!! पस्तीस मिनिटं बसलो, आजवरचा उच्चांक. आई हसली. पेपरचा मसुदा आजच सुरू. (सुरू म्हणजे शीर्षक झालं.)

बुधवार, १९ फेब्रुवारी
डिपार्टमेंटमधल्या धनेशला ग्राफ दाखवला. त्यानं एकच विचारलं, चित्रांचा क्रम दर वेळी बदलतोस ना? पहिल्या वर्षाच्या पोरांना मी स्वतः हेच शिकवतो. विसरलो असं नाही. आईचा गोंधळ नको म्हणून बदलला नव्हता. आता बदलतो, धनेशचं तोंड बंद करायला.

रविवार, २३ फेब्रुवारी
क्रम बदलला. पहिलं चित्र हत्तीचं. आई म्हणाली, कप. मग बस आली. आई म्हणाली, कुत्रा. घड्याळाला छत्री. ती स्क्रीनकडे बघतच नव्हती, माझ्या तोंडाकडे बघत होती. सलग पाच चूक. सवयीनं लॅपटॉप मिटला आणि उठलो.
बाबा म्हणाले, "पाच गलत झाले की तू उठून चालला जातो ना. म्हणून आम्ही रोज सकाळी बसून रटून घेतले. पुढचे पाच आले तर तू अजून थोडा बसशील, असं तिला वाटायचं."
मी खाली बसलो. बाबांसमोर कधी रडलो नव्हतो, आज रडलो.
आई थांबलीच नव्हती. समोर चित्र नाही, लॅपटॉप बंद, तरी सहावा शब्द म्हणाली. मग सातवा. अडखळत, घाम पुसत तिसापर्यंत गेली. मी अजून बसलेलाच आहे हे तिनं नीट बघून घेतलं, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.